शेवटचं वाक्य कुणाचं?

माझ्याकडे एका मुलाच्या लिखाणाच्या दोन प्रती आहेत. एक त्याच्या वहीतल्या पानाची, दुसरी पुस्तिकेत छापलेली. दोन्हींत फरक आहे तो फक्त एका वाक्याचा, आणि ते वाक्य माझं आहे.

बिलोली तालुक्यात, मांजरा नदीच्या काठच्या एका गावातल्या शाळेत आम्ही दोन दिवसांची लेखन कार्यशाळा घेतली होती. तिसरी ते पाचवीची चाळीसेक मुलं होती. पहिल्या दिवशी दुपारी विषय दिला, ‘माझी नदी’. चौथीतल्या एका मुलानं लिहिलं ते असं:

‘आमच्या नदीत रात्री उजेड असतो. तो ट्रॅक्टरचा असतो. बाबा सकाळी येऊन झोपतेत. त्यांच्या केसात वाळू असती. अम्मा उशी झटकती. नदीत खड्डे पडलेत. त्यात पाणी ऱ्हाते. आम्ही तितं पोहत नाही. कुठं खोल हाय ते कळत नाही.’

मी ते वाचलं आणि आवडलं असं म्हणालो. मग सवयीनं पुढे बोललो, ‘पण संपल्यासारखं वाटत नाही रे. शेवटी काहीतरी चांगलं लिही ना.’ त्यानं माझ्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं आणि अजिबात न अडखळता लिहून टाकलं: ‘म्हणून आपण सर्वांनी नदीचे रक्षण केले पाहिजे.’

समारोपाच्या कार्यक्रमात नेमकं हेच वाक्य मोठ्यानं वाचलं गेलं आणि टाळ्या पडल्या. पुस्तिकेत ते लिखाण या वाक्यासकट छापलं गेलं. ते परत वाचताना माझ्या लक्षात यायला बरेच महिने लागले की शेवट त्या मुलानं आधीच केला होता. ‘कुठं खोल हाय ते कळत नाही’ इथे ते संपलं होतं. नदीचं, घराचं आणि त्याच्या भीतीचं, सगळ्याचं मिळून ते एक वाक्य होतं. मी जोडायला लावलेला ‘म्हणून’ आधीच्या कुठल्याही वाक्यातून निघत नाही. उलट ज्या वाळूवर घर चालतं, ती वाळू काढणाऱ्या बापाविरुद्ध तो मुलाला साक्ष द्यायला लावतो. आणि मुलाला ते कळत असेल की नाही, हे मी त्याला विचारलंही नव्हतं.

लहान मुलांच्या सर्जनशील लेखनाच्या कार्यशाळा आता गावोगाव होतात. त्यांच्याविषयी जे लिहून येतं ते बहुधा वृत्तान्ताच्या स्वरूपाचं असतं. इतकी मुलं होती, अमुक पाहुणे आले, मुलांनी आनंद लुटला. त्या आनंदाबद्दल मला शंका नाही. प्रश्न आहे तो कार्यशाळेत तयार झालेल्या मजकुराचा. तो कुणाचा असतो?

*

हा ‘म्हणून’ माझ्या एकट्याचा नाही. मुलांसाठीच्या मराठी छापील गद्याच्या अगदी सुरुवातीलाच बोधकथा आहेत. सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी इसापच्या गोष्टी मराठीत आणल्या त्या १८२८ साली. त्यानंतरच्या जवळपास दोनशे वर्षांत गोष्टीखाली ‘तात्पर्य’ लिहायची सवय आपल्या हाडात मुरली. शाळेत मुद्द्यांवरून गोष्ट लिहायची, तिला शीर्षक द्यायचं, खाली तात्पर्य लिहायचं; यातलं काही राहिलं तर गुण कापले जाणार. निबंधाचंही तेच. ‘मी पंतप्रधान झालो तर’, ‘सूर्य उगवला नाही तर’, ‘फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त’ हे विषय नावाला कल्पनेचे, पण त्यांची उत्तरं ठरलेली असतात. मूल पंतप्रधान झालं की ते भ्रष्टाचार नष्ट करतं आणि गरिबी हटवतं. फाटकं पुस्तक शेवटी ‘माझी काळजी घ्या’ म्हणतं. पंतप्रधान झाल्यावर पहिल्या दिवशी खूप झोपीन, असं लिहिणारं मूल मी अजून पाहिलेलं नाही.

न्यायानं बोलायचं तर तात्पर्याचा उपयोगही झाला आहे. ज्या घरात पुस्तक नाही, त्या घरातल्या मुलाला त्यानं लिखाणाचा एक साचा दिला. सुरुवात कशी करायची आणि थांबायचं कुठे हे सांगितलं. साचा हातात असला की कोऱ्या पानाची भीती कमी होते. माझं भांडण कार्यशाळेशी आहे, ते वेगळ्या कारणासाठी. कार्यशाळा शाळेच्या निबंधापेक्षा काही वेगळं करायला येते, ‘मनातलं लिहा’ म्हणते, आणि मनातलं आलं की त्याला निबंधाचं शेपूट लावून परत पाठवते. निबंध निदान आपण निबंध असल्याचं लपवत नाही.

अशा कार्यशाळांचं वेळापत्रक आता ठरून गेलं आहे. दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक, पाहुण्या कवीचं काव्यवाचन, ‘यमक म्हणजे काय’ यावर पंधरा मिनिटं, मग विषय, मग चाळीस मिनिटं लेखन, जेवण, निवडक मुलांचं सादरीकरण, प्रमाणपत्रं, फोटो. सहा तासांत मूल स्वतः लिहितं ती चाळीस मिनिटं. बाकीचा वेळ ते मोठ्यांना ऐकतं. त्या चाळीस मिनिटांत ते मोठ्यांसारखंच लिहिणार, यात त्याचा काय दोष?

*

यमकाची गोष्ट जरा थांबून पाहण्यासारखी आहे. १९६०च्या दशकाच्या अखेरीला न्यूयॉर्कमधल्या एका सरकारी प्राथमिक शाळेत केनेथ कॉक हा कवी मुलांकडून कविता लिहून घेत होता. त्या अनुभवावरचं त्याचं ‘विशेस, लाइज अँड ड्रीम्स’ हे पुस्तक १९७० साली आलं. जगभरातल्या अशा कार्यशाळांवर आजही त्याची छाया आहे. कॉकनं मुलांना सांगितलं होतं की यमक जुळवू नका. यमक शोधण्याच्या नादात मुलाला जे म्हणायचं असतं ते हातातून निसटतं, असा त्याचा अनुभव होता. त्याऐवजी त्यानं साध्या चौकटी दिल्या. प्रत्येक ओळ ‘मला वाटतं की असं व्हावं’ अशी सुरू करा. किंवा ‘मी आधी अमुक होतो, पण आता तमुक आहे’ असं लिहा. वर्गातल्या प्रत्येकाची एकेक ओळ घेऊन सगळ्यांची मिळून एक कविता केली.

मराठीत हा सल्ला आणखी मोलाचा ठरतो, कारण आपल्याकडे यमक फार स्वस्त आहे. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येतं आणि क्रियापदांचे प्रत्यय सारखे असतात. येते, जाते, गाते, न्हाते, की झाली कविता. कार्यशाळांच्या पुस्तिका उघडून पाहा. चिमणी येते, दाणे खाते, गाणे गाते, उडून जाते. ही चिमणी कुणीही पाहिलेली नसते, तिला क्रियापदांनी ओढून आणलेलं असतं. बिलोलीच्या आमच्या पुस्तिकेतही अशा अकरा कविता आहेत. त्यांच्याखालची नावं आपापसांत बदलली तर स्वतः मुलांनासुद्धा कळणार नाही.

पण यमक सरसकट बंद करा असंही मी म्हणणार नाही. ज्या मुलाच्या कानावर आजीच्या ओव्या आहेत, जात्यावरची नसतील पण लग्नातली, पाळण्यावरची गाणी आहेत, किंवा नदीपलीकडच्या मामाच्या गावी बतुकम्माची गाणी ज्यानं ऐकली आहेत, त्याच्या तोंडी यमक आपसूक येतं. ते शोधून आणलेलं नसतं, आठवलेलं असतं. शिकवायचंच असेल तर एवढा फरक शिकवावा. आणि तो फळ्यावर शिकवता येत नाही, गाऊनच शिकवावा लागतो.

दुसरं साधन इटलीच्या जानी रोदारीचं. रोदारी काही काळ प्राथमिक शाळेत शिक्षक होता, नंतर मुलांचा लेखक म्हणून जगभर गाजला. रेज्जो एमिलिया या गावात शिक्षकांशी झालेल्या संवादातून त्याचं गोष्टी रचण्याच्या तंत्रावरचं पुस्तक तयार झालं आणि १९७३ साली प्रसिद्ध झालं. त्याची सर्वांत प्रसिद्ध युक्ती म्हणजे एकमेकांशी संबंध नसलेले दोन शब्द शेजारी ठेवायचे. त्याचं उदाहरण आहे ‘कुत्रा’ आणि ‘कपाट’. कुत्रा कपाटात, कपाटाचा कुत्रा, कुत्रा कपाट घेऊन निघाला. नुसती विभक्ती बदलली की नवी गोष्ट सुरू होते. ही युक्ती मराठीत फारच छान चालते, कारण आपल्याकडे विभक्ती शब्दालाच चिकटते आणि मुलं प्रत्ययांशी मजेत खेळतात.

या दोघांबद्दल मला एक शंका मात्र बरीच वर्षं होती. या युक्त्या शहरी, खेळकर आहेत; ज्या मुलाच्या घरात रात्रपाळी आहे, उसनवारी आहे, हंगामात हैदराबादला किंवा वीटभट्टीवर जाणं आहे, त्याला कुत्रा-कपाट देऊन आपण त्याच्या जगण्यापासून त्याला पळवून तर नेत नाही? या शंकेचं उत्तर मला पुढे एका मुलीनंच दिलं. ते शेवटी सांगतो.

*

त्याआधी भाषेचा प्रश्न, कारण बिलोलीत तो टाळून पुढे जाताच येत नाही. हा भाग १७ सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यानंतर आठ वर्षं हैदराबाद राज्यात. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा नांदेड जिल्हा मराठी म्हणून इकडे आला, पण अख्खा आला नाही. देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळं, मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही मंडळं तिकडे गेली. सीमा तालुक्याच्याही आतून, महसुली मंडळांच्या हिशेबानं आखावी लागली, यावरूनच इथल्या बोलण्याची सरमिसळ लक्षात येते. घरात तेलुगू, गल्लीत दखनी, तांड्यावर गोरमाटी, बाजारात सगळ्यांची मिळून एक मराठी आणि शाळेत पाठ्यपुस्तकाची मराठी, असं मूल इथे रोज चार-पाच भाषांतून ये-जा करतं.

माझ्या त्या मुलानं ‘आई’ लिहिलं नव्हतं, ‘अम्मा’ लिहिलं होतं. छापताना ते तसंच राहिलं, हे आमचं नशीब. पण ‘झोपतेत’चं ‘झोपतात’ झालं आणि ‘हाय’चं ‘आहे’. दुसऱ्या एका मुलीनं ‘आई भाकरी करूलाली’ असं लिहिलं होतं. त्याचं ‘आई भाकरी करते’ झालं. इथे केवळ शुद्धलेखन बदललं नाही, अर्थही बदलला. नांदेड-लातूरकडचं ‘करूलाली’ हे चालू क्षणाचं रूप आहे. मुलगी वाक्य लिहीत असताना तिच्या डोळ्यांसमोर भाकरी तव्यावर होती. ‘करते’ म्हटल्यावर ती भाकरी रोजची झाली, पाठ्यपुस्तकातली झाली. दुरुस्त करणाऱ्याला स्वतःला ते रूप नीट येत नव्हतं, म्हणून त्याला ते चुकीचं वाटलं.

या बाबतीत महाराष्ट्रात पूर्वी मोठं काम झालेलं आहे आणि कार्यशाळा घेणाऱ्यांनी ते पाहायला हवं. मॅक्सीन बर्नसन अमेरिकेतून आल्या, फलटणच्या बोलीतल्या भेदांचा भाषाशास्त्रीय अभ्यास त्यांनी पीएच.डी.साठी केला आणि मग फलटणलाच राहिल्या. १९८६ साली तिथे कमला निंबकर बालभवन सुरू झालं. ज्या बाईंनी गावातल्या जातीजातींच्या, गल्लीगल्लीच्या मराठीची आधी नोंद केली, त्यांनी नंतर मुलांना वाचायला-लिहायला शिकवलं, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आधी ऐकणं, मग शिकवणं. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय काढलं. त्यांच्या एका पुस्तकाचं नावच ‘लिहिणं मुलांचं, शिकवणं शिक्षकांचं’ असं आहे. दोघांची कामं त्या नावात स्वच्छ वेगळी केलेली आहेत. आमची गफलत अशी की शिकवता शिकवता आम्ही लिहायलाही लागतो.

एका शिक्षकमित्राला हे सगळं सांगितलं तेव्हा तो चिडला. म्हणाला, ‘तुम्ही दोन दिवस येता, ‘हाय’ राहू द्या म्हणता आणि निघून जाता. मी नाही कापले तरी पुढे कुणीतरी याचे मार्क कापणारच आहे. बोलीचं कौतुक तुम्हाला परवडतं, या पोराला नाही.’ त्याचं म्हणणं खोटं नाही. प्रमाण मराठी ही या मुलाची गरज आहे, आणि ती नाकारणं म्हणजे त्याला आहे तिथेच ठेवणं. पण यावर उपाय साधा आहे, तो वेळेचा आहे. ज्या दिवशी मूल पहिल्यांदा काही सांगतं, त्या दिवशी लाल पेन खिशात ठेवावं. चार दिवसांनी तेच लिखाण घेऊन बसावं आणि विचारावं, ‘हे पुण्याच्या मुलाला वाचायला द्यायचंय, तर कुठे काय बदलशील?’ मग बदल मूल करतं, आणि कशासाठी करतो हे त्याला माहीत असतं. दोन दिवसांच्या कार्यशाळेत चौथा दिवस नसतोच, ही खरी अडचण आहे. म्हणून कार्यशाळेनं पहिलं काम करावं आणि दुसरं शिक्षकावर सोडावं. दोन्ही एका दुपारी उरकू नयेत.

*

पहिली-दुसरीच्या मुलांचं काय? त्यांना अजून धड लिहिता येत नाही, म्हणून आयोजक त्यांना चित्रं रंगवायला बसवतात. माझ्या मते खरी कार्यशाळा याच वयात सुरू होते. लिहिता येत नसलं तरी सांगता येतं. मोठ्या माणसानं फक्त लेखनिक व्हायचं.

न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवणाऱ्या सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर यांचं ‘टीचर’ हे पुस्तक १९६३ सालचं. त्या प्रत्येक मुलाला विचारत, तुला आज कोणता शब्द हवा? मूल सांगेल तो शब्द कार्डावर लिहून त्याच्या हातात देत. भीतीचे, मायेचे, भांडणाचे शब्द येत, आणि मुलं ते शब्द एकदा पाहून लक्षात ठेवत. पाठ्यपुस्तकातले गोंडस शब्द मात्र पुन्हा पुन्हा विसरत. बिलोलीच्या बाजूला हा प्रयोग केला तर कार्डांवर काय येईल? आमच्याकडे आलं ते असं: ‘टिप्पर’, ‘अम्मा’, ‘पोलीस’, ‘कुरकुरे’, ‘वाना’. ‘वाना’ म्हणजे तेलुगूत पाऊस. मराठी शाळेत, देवनागरीत लिहिलेला तो शब्द ती मुलगी दिवसभर मुठीत घेऊन फिरली. तिच्या घरातला शब्द अक्षरांत उतरू शकतो, हे तिला बहुधा पहिल्यांदाच दिसलं होतं.

लेखनिकाचं काम वाटतं त्याहून अवघड आहे. मूल सांगतं, ‘मग तो गेला, गेला, गेला, गेला.’ आपला हात लिहितो, ‘मग तो खूप लांब गेला.’ झाली चोरी. चार वेळा ‘गेला’ म्हणण्यात जी वाट होती, ती गेली. कार्यशाळेला येणाऱ्या प्रत्येक लेखकाला आधी एक तास एका सहा वर्षांच्या मुलाचा लेखनिक म्हणून बसवावं, असं माझं मत झालं आहे.

*

आता समीक्षेकडे येतो, कारण मुलांच्या लिखाणाची समीक्षा आपल्याकडे होतच नाही. मुलांसाठी मोठ्यांनी लिहिलेल्या साहित्याला मान्यता आहे. नांदेडच्या सुरेश सावंत यांच्या ‘आभाळमाया’ या कवितासंग्रहाला २०२५ सालचा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला, याचा या भागाला अभिमानच आहे. पण मुलांनी स्वतः लिहिलेल्या मजकुराबद्दल आपल्याकडे दोनच शब्द आहेत, ‘निरागस’ आणि ‘गोड’. वाळूचा तो मजकूर गोड नाही. तो निरागसही नाही. त्यातल्या मुलाला बरंच काही माहीत आहे.

मुलाचं लिखाण वाचताना मी आता तीन गोष्टी पाहतो. एक, त्यात अशी एखादी गोष्ट आहे का जी त्या मुलाशिवाय कुणी सांगितली नसती? उशी झटकणारी अम्मा ही अशी गोष्ट आहे. दोन, वाक्यांचा क्रम पाहण्याचा आहे की पाठांतराचा? उजेड, ट्रॅक्टर, बाबा, केस, वाळू, उशी, मग नदी, खड्डे, पाणी. हा क्रम रात्रीपासून दिवसापर्यंत आणि घरातून परत नदीपर्यंत जातो. तीन, थांबला आहे तो कुठे, आणि ते थांबणं त्याचं आहे का? हे निकष मोठ्यांच्या लिखाणालाही चालतात. मुलांना सवलत देण्याची गरज नाही, आणि त्यांची दुरुस्ती करण्याचीही नाही.

भोपाळच्या ‘एकलव्य’ संस्थेचं ‘चकमक’ हे हिंदी मासिक १९८५ पासून निघतं. त्यातल्या ‘मेरा पन्ना’ या सदरात मुलांचं लिखाण छापलं जातं. मुलांचा मजकूर नियमित, वाचकांसाठी छापणं आणि समारोपाची आठवण म्हणून छापणं यांत मोठा फरक आहे. पहिल्याला वाचक असतो, दुसऱ्याला फक्त पालक आणि पाहुणे.

पण छापण्याची दुसरीही एक बाजू आहे आणि ती लपवणं प्रामाणिक होणार नाही. नदीत रात्री चालणाऱ्या ट्रॅक्टरबद्दलचा मजकूर मुलाच्या नावगावासह छापणं धोक्याचं आहे. एका चौथीतल्या मुलाच्या वाक्यामुळे त्याच्या घरावर काय येईल, हे शहरात परतणाऱ्या लेखकाला कसं कळणार? एखादा मुख्याध्यापक असा मजकूर वगळत असेल तर त्याला घाबरट म्हणायला मी तयार नाही. पण न छापणं वेगळं आणि बदलून छापणं वेगळं. न छापलेला मजकूर मुलाच्या वहीत त्याचा म्हणून राहतो. नाव वगळता येतं, गाव वगळता येतं, वर्गात नुसता वाचून वहीत परत ठेवता येतो. बदलून छापलेला मजकूर मात्र मुलाला एक गोष्ट कायमची शिकवतो: तुला जे माहीत आहे ते कागदाचं नाही, कागदावर वेगळं लिहायचं असतं. ज्या मुलाच्या तीन भाषांना शाळेत आधीच जागा नाही, त्याची चौथीही आपण अशी काढून घेतो.

*

दुसऱ्या वर्षी मी त्याच भागात परत गेलो. या वेळी पाहुणे नव्हते, प्रमाणपत्रं नव्हती. मुलांना ‘नदी’ हा विषय दिला नाही. चिठ्ठ्यांवर त्यांचेच शब्द लिहून एका डब्यात टाकले आणि प्रत्येकाला दोन चिठ्ठ्या काढायला सांगितल्या. पाचवीतल्या एका मुलीला ‘मासा’ आणि ‘टिप्पर’ हे शब्द आले. तिनं लिहिलं:

‘टिप्पर वाळू घेऊन हैदराबादला गेलं. मासा मागं गेला. तितं त्याला वाळू सापडली. ती घराच्या भिंतीत होती. मासा भिंतीला म्हणाला, चल.’

माझ्या शंकेचं उत्तर ते हे. खेळानं तिला तिच्या जगण्यापासून दूर नेलं नव्हतं. सरळ विचारलं असतं तर तिनं बहुधा नदीचे रक्षण केले पाहिजे असंच लिहिलं असतं. मासा मधे आल्यामुळे तिला सगळं सांगता आलं, आणि हे छापलं तर कुणाच्या घरावर काही येणार नाही.

तिनं वही माझ्यापुढे धरली आणि विचारलं, ‘सर, शेवट लिहू का?’ मी म्हणालो, ‘तुला काय वाटतं?’ तिनं परत एकदा वाचलं, ‘झालं की,’ म्हणाली आणि खेळायला गेली.

पहिल्या वर्षीचा तो मुलगा मला भेटला नाही. तोवर त्याची शाळा बदलली होती. आमची पुस्तिका मात्र तिथेच आहे, वर्गाच्या कपाटात. नवीन मुलांना ‘असं लिहायचं असतं’ म्हणून ती दाखवतात, असं तिथल्या बाई मला कौतुकानं सांगत होत्या. म्हणजे माझं ते वाक्य अजून शिकवतंय.